निकाल लागल्यावर

प्रस्तावना

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले नाहूर स्टेशन या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाले. त्याच्या आगेमागेच लालबहादूर शास्त्री मार्गावरचे जुने कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते. या भागात घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयाने जे पाहायला हवे ते सगळे पाहिले होते. महापालिकेने नकाशा मंजूर केला होता, बँकेच्या वकिलाने टायटल तपासले होते, कर्जाचे हप्तेही सुरू झाले होते. आणि मग एके दिवशी मुलुंड, विक्रोळी परिसरातल्या कित्येक जमिनींच्या महसुली नोंदींवर ‘खासगी वन’ असा शेरा चढला. ज्या जमिनीवर लिफ्ट चालू होती, पाण्याचे मीटर फिरत होते, ती कागदोपत्री जंगल ठरली आणि जंगल म्हणून १९७५ पासून सरकारच्या मालकीची ठरली.

या शेऱ्याचे मूळ फार मागे होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ३५ प्रमाणे खासगी जंगलात तोड किंवा इतर वापर थांबवण्याआधी सरकारने मालकाला नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मग अधिसूचना काढायची असा क्रम होता. १९५६-५७ साली मुंबई राज्यात अशा नोटिसा निघाल्या. विक्रोळीतल्या गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या जमिनीसंबंधीची नोटीस सप्टेंबर १९५६ च्या राजपत्रात छापून आली. त्यापुढे काही घडले नाही. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम अंमलात आला. त्यात खासगी वनाच्या व्याख्येत, जिच्याबद्दल अशी नोटीस निघाली आहे ती जमीनही घातली गेली. तरीही सरकारने ताबा घेतला नाही. उलट पुढची तीन दशके त्याच जमिनींवर नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या सवलती दिल्या गेल्या आणि बांधकामाचे परवाने निघत राहिले. २००२ साली बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने वनजमिनींच्या नोंदी नीट ठेवाव्यात म्हणून जनहित याचिका केली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोंदी अद्ययावत करण्याचे आदेश दिले, आणि जुन्या नोटिसा पन्नास वर्षांनी कपाटाबाहेर आल्या.

जमीनमालक, बिल्डर आणि रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २००८ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जानेवारी २०१४ रोजी न्या. आर. एम. लोढा, न्या. मदन लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल आता कायद्याच्या पुस्तकांत आहे.

या प्रस्तावनेची सुरुवात या प्रकरणाने करण्याचे कारण त्यातला नाट्यमय शेवट हे नाही. खालून वर जाताना या वादाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. रहिवाशाच्या दृष्टीने वाद असा होता: आमची घरे पाडणार का? पर्यावरणवाद्यांच्या दृष्टीने: राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले डोंगरउतार वाचणार का? दोन्ही प्रश्न खरे आणि जिव्हाळ्याचे. सर्वोच्च न्यायालयापुढे मात्र निर्णायक ठरला तो फार अरुंद प्रश्न. नुसती काढलेली, पण मालकाच्या हाती पडली आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले याचा पुरावा नसलेली, पुढे कोणतीही कारवाई न झालेली नोटीस १९७५ च्या कायद्यासाठी पुरेशी आहे का? २००० साली चिंतामणी गजानन वेलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच लहान पीठाने नोटीस निघाली एवढे पुरे, असा अर्थ लावला होता. उच्च न्यायालयाला तो अर्थ बंधनकारक होता. तो बदलण्याचा अधिकार फक्त वरच्या मोठ्या पीठाला होता आणि त्याने तो वापरला. नोटीस जिवंत असायला हवी, वर्षानुवर्षे गाडलेली नोटीस उकरून चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय. खरेदीदारांनी स्वतःच सावध राहायला हवे होते हा सरकारचा युक्तिवादही टिकला नाही. ज्या सरकारने आणि महापालिकेने परवाने दिले, त्यांच्या भरवशावर नागरिकांनी घरे घेतली होती.

या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते या प्रकरणातच आहे. वर जाताना खटला मोठा होत नाही, तो लहान होत जातो. खाली माणसे असतात, साक्षी असतात, मोजणीचे नकाशे असतात, भांडणाचा इतिहास असतो. एकेक पायरी वर गेले की त्यातले बरेच काही खालीच राहते आणि वरच्या न्यायाधीशासमोर उरतो तो एक किंवा दोन प्रश्नांचा गाभा. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत, तलाठ्याच्या कार्यालयात, भावकीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: “इथे काय व्हायचे ते होऊ दे, आम्ही वर जाऊ.” या वाक्यात अपील म्हणजे सोडतीचे दुसरे तिकीट असल्याची समजूत दडलेली आहे. पहिल्या फेरीत नीट पुरावा दिला नाही तरी वर सगळे पुन्हा पहिल्यापासून होईल, असे मानून माणसे खालच्या कोर्टात निष्काळजी राहतात आणि वर गेल्यावर वकिलाला विचारतात, “हा कागद आता दाखवता येईल ना?” बहुतेक वेळा तो दाखवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१ नियम २७ अपिलात नवा पुरावा घ्यायला अगदी मोजक्या परिस्थितीतच परवानगी देतो.

संहितेची रचनाच तशी आहे. कलम ९६ खालच्या पहिल्या अपिलात घटना आणि कायदा दोन्ही तपासता येतात. अपिलीय न्यायाधीश साक्षी पुन्हा वाचतो, स्वतःचा निष्कर्ष काढतो. कलम १०० खालच्या दुसऱ्या अपिलात मात्र उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न पाहते. १९७६ च्या दुरुस्तीपासून तो प्रश्न आधी लेखी मांडावा लागतो आणि न्यायालयाने तो ठरवून घ्यावा लागतो. साक्षीदार खरे बोलला की खोटे, विहीर कोणी खोदली, भाडे कोणी दिले, हे वाद तिथे सहसा पोचतच नाहीत. घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात जायचे तर त्याला अपील म्हणणेही पूर्ण बरोबर नाही. ती अपिलाची विशेष परवानगी मागणारी याचिका असते आणि बहुतेक याचिका त्या परवानगीच्या टप्प्यावरच संपतात.

यातही मुंबईचा जिना वेगळा. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्यात राहणाऱ्याचा लहान किमतीचा दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे सुरू होतो, पहिले अपील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जाते आणि मग उच्च न्यायालयात दुसरे. नाक्याच्या अलीकडे नाहूरमध्ये राहणाऱ्याचा तसाच दावा १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नगर दिवाणी न्यायालयात चालतो आणि त्याचे पहिलेच अपील थेट उच्च न्यायालयात जाते. मोठ्या किमतीचे दावे तर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतच दाखल होतात. घरमालक-भाडेकरूचा वाद लघुवाद न्यायालयात जातो. तिथले अपील त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालते आणि त्यानंतर दुसरे अपीलच नाही, उच्च न्यायालयाच्या देखरेखीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागतो. एकाच रेल्वेमार्गावरच्या दोन शेजाऱ्यांना वेगवेगळ्या पायऱ्या का, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १८६२ साली मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा बेटावरचे सर्वोच्च न्यायालय आणि मुफसलची सदर अदालत या दोन परंपरा एका छपराखाली आल्या. मूळ शाखा आणि अपील शाखा ही विभागणी त्याच घडणीतून आलेली आहे.

अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन हे तीन शब्द कोर्टाच्या आवारातही एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांतला फरक नीट कळला तर या पुस्तकाचा निम्मा उपयोग झाला असे मी मानेन. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. कायद्यात तरतूद नसेल तर अपील नाही. पुनरीक्षण, म्हणजे रिव्हिजन, हा पक्षकाराचा हक्क कमी आणि वरच्या न्यायालयाचा अधिकार जास्त. खालच्या न्यायालयाने आपल्या अधिकाराची मर्यादा पाळली का एवढेच तिथे पाहतात. पुनर्विलोकन, म्हणजे रिव्ह्यू, त्याच न्यायालयापुढे मागायचे असते. संहितेचे कलम ११४ आणि आदेश ४७ त्याची कारणे सांगतात: पूर्वी प्रयत्न करूनही न सापडलेला महत्त्वाचा पुरावा, निकालाच्या तोंडावरच दिसणारी चूक, किंवा तशाच स्वरूपाचे पुरेसे कारण. निकाल पटला नाही, हे त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे पुनर्विलोकन अनुच्छेद १३७ खाली होते आणि ते बहुधा न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांच्या तोंडी युक्तिवादाशिवाय. २००२ मध्ये रूपा अशोक हुर्रा प्रकरणात त्यापलीकडची क्युरेटिव्ह याचिका आली, पण तिचे दार मुद्दामच किलकिले ठेवलेले आहे. रिट हा आणखी वेगळा मार्ग. नाहूर-मुलुंड पट्ट्यातले वनजमिनीचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले ते अपील म्हणून नव्हे, अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिका म्हणून.

एकदा झालेला निकाल पुन्हा तपासावा का, हा प्रश्न इंग्रजांबरोबर आलेला नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा वाद गोतसभेपुढे चालायचा. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे ही सभा जो निवाडा करील तो मान्य, असे कबूल करीत आणि जामीनही देत. निवाड्याचा महजर तयार होई, जिंकणाऱ्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याचे शुल्क, घेतली जाई आणि हरणाऱ्याला यजितखत लिहून द्यावे लागे, की माझा दावा खोटा ठरला, मी पुन्हा कटकट करणार नाही. तरीही हरलेला माणूस दुसरे थळ, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा, मागायचा, हुजुरात फिर्याद न्यायचा, आणि कधी कधी त्याला दुसऱ्या परगण्यातली किंवा पैठणसारख्या क्षेत्रातली सभा मिळायचीही. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथातले निवाडे वाचताना एक ताण सतत जाणवतो. सभेने अन्याय केला तर वाट हवी, पण वाट मोकळी ठेवली तर वतनाचे भांडण तीन पिढ्या संपत नाही. आजची मुदत, कोर्ट फी आणि अनामत या सगळ्या तरतुदी त्याच ताणाला दिलेली उत्तरे आहेत.

इंग्रजी अमलातल्या अपिलांचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. ताईमहाराजांचे पती, पुण्याचे बाबामहाराज, १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त लोकमान्य टिळक. १९०१ मध्ये औरंगाबादेत झालेले दत्तकविधान खरे की खोटे, यावरून वाद पेटला आणि टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३ च्या ऑगस्टमध्ये विशेष मॅजिस्ट्रेटने त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी दिली; सत्र न्यायाधीशाने ती सहा महिन्यांवर आणली; मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी बाजूला प्रवास उलटसुलट झाला. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली दत्तक खरा धरला, उच्च न्यायालयाने १९१० मध्ये तो निकाल फिरवला, आणि १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पुण्याचा निकाल पुन्हा कायम केला. तोवर टिळक मंडालेहून परतही आले होते. सगळ्यात शेवटी टिकला तो ज्याने साक्षीदार समोर उभे राहिलेले पाहिले होते त्या खालच्या न्यायाधीशाचा निष्कर्ष. वरची न्यायालये खालच्या न्यायाधीशाच्या घटनाविषयक निष्कर्षात सहज हात घालत नाहीत, त्यामागचे शहाणपण अशा अनुभवांतून आले आहे.

नाहूरसारख्या उपनगरात राहणाऱ्याला आयुष्यात ‘कोर्ट’ भेटते ते मात्र बहुधा कोर्टाबाहेर. सोसायटीच्या थकबाकीसाठी उपनिबंधकाने सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वसुली दाखला दिला तर त्यावर पुनरीक्षण आहे, पण आधी निम्मी थकबाकी सोसायटीकडे भरावी लागते. सोसायटीतला कलम ९१ चा दावा सहकार न्यायालयात चालतो आणि त्याचे अपील सहकार अपील न्यायालयात, दोन महिन्यांत. बिल्डरने ताबा दिला नाही तर महारेराकडे तक्रार, मग अपील न्यायाधिकरण साठ दिवसांत; तिथे बिल्डर अपिलात आला तर परताव्याची रक्कम आधी भरल्याशिवाय त्याचे ऐकले जात नाही. त्यानंतर उच्च न्यायालय. ग्राहक आयोगाकडे गेलात तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात पंचेचाळीस दिवसांत अपील, आणि पैसे द्यायचा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला त्याने निम्मी रक्कम भरायची. या सगळ्या अनामतींमागे एकच हिशेब आहे: नुसता वेळ काढण्यासाठी वर जाणे महाग पडावे.

महसुली जिना सर्वांत लांब आणि सर्वांत कमी समजलेला. सातबारावरचा किंवा मालमत्ता पत्रकावरचा फेरफार ही मालकी नव्हे, ती महसूल कोणाकडून घ्यायचा याची नोंद. पण प्रत्यक्षात बँक, बिल्डर आणि नातेवाईक तिलाच मालकी समजतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली त्या नोंदीवर अपील आहे, कलम २५७ खाली पुनरीक्षण आणि २५८ खाली पुनर्विलोकन. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर साठ दिवस, जिल्हाधिकारी किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर नव्वद दिवस. खासगी वनाचा शेरा ज्यांच्या नोंदीवर चढला त्यांच्यापैकी अनेकांना हा जिना ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक असता तरी त्या शेऱ्यामागच्या कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे नव्हते. चुकीच्या जिन्यावर वर्षे घालवणे हे आपल्याकडच्या खटल्यांचे सर्वांत सामान्य दुखणे आहे. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पहिला प्रश्न हाच ठेवला आहे: हा वाद कोणत्या जिन्यावरचा?

वरच्या न्यायालयाने एकदा बोललेले खाली पोचते का, याचे उत्तरही याच वनजमिनींनी दिले. २०१४ च्या निकालानंतरही अशाच नोंदींविरुद्धच्या दुसऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की गोदरेजचा निकाल बंधनकारक आहे, बारीकसारीक फरक दाखवून तो टाळता येणार नाही. अनुच्छेद १४१ मध्ये एका ओळीत सांगितलेले तत्त्व प्रत्यक्षात यायला पुन्हा एक पूर्ण फेरी लागली. त्या फेरीचा खर्च ज्याने तो कायदा कधी वाचलाही नव्हता त्याने सोसला.

फौजदारी अपिले मी या पुस्तकाबाहेर ठेवली आहेत. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिथे आरोपी, सरकार आणि पीडित यांचे हक्क वेगवेगळे आहेत आणि त्यांना स्वतंत्र पुस्तकाची जागा लागेल. इथे घर, जमीन, भाडे, सोसायटी आणि वारसा एवढाच आवाका आहे. प्रत्येक प्रकरणात आधी अधिकारी किंवा न्यायालय, मग अपिलाची वाट, मुदत, भरावी लागणारी रक्कम आणि वर काय मांडता येते व काय येत नाही, या क्रमाने माहिती दिली आहे. कायदे बदलतात, आर्थिक मर्यादा बदलतात. दावा दाखल करण्याच्या दिवशी कलम ताजे आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्यावे.

हे पुस्तक ज्याच्या हाती निकालानंतर पडेल, त्याने तीन गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. पहिली, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे ती प्रत मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्जच उशिरा केला तर त्याआधी गेलेले दिवस परत येत नाहीत. दुसरी, अपिलाची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवणे: जिल्हा न्यायालयात सर्वसाधारणपणे तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण तो हक्क नाही, कृपा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. अपील दाखल केल्याने निकाल आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि न्यायालयाने ती दिली तरच अंमलबजावणी थांबते. “अपील टाकले आहे” असे सांगत निर्धास्त बसलेल्या माणसाच्या दारात बेलिफ येऊन उभा राहतो तो यामुळे.

आणि ज्याच्या हाती हे पुस्तक निकालाआधीच पडेल त्याला एवढेच सांगायचे आहे की अपिलाची तयारी पहिल्या दिवसापासून होते. जो कागद आज दाखल केला नाही, जो साक्षीदार आज तपासला नाही, जो मुद्दा कैफियतीत आज घेतला नाही, तो वर जाऊन सहसा मांडता येणार नाही. खालच्या कोर्टातली ती कंटाळवाणी, तारखांनी भरलेली फेरी हीच तुमच्या खटल्याची खरी फेरी आहे. ती लढताना तुमचा वकील पुढच्या न्यायालयाचा विचार करतो आहे का, हे त्याला आजच विचारा.